अण्णांची रॅले ओझ्याला जुंपताना

आमचं बाइंडिंगचं काम पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर चालतं, दोन खोल्यांत. छापखान्यातून फॉर्म, म्हणजे पुस्तकाचे छापलेले मोठे कागद, आणायचे, दुमडायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा आणि गठ्ठे बांधून परत पोचवायचे. पन्नास प्रतींचं काम असेल तर टेम्पो परवडत नाही, आणि स्कूटरच्या पायाशी फॉर्म ठेवले की कोपरे दुमडतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, सायकल जिन्याखालून बाहेर ओढली. रॅलेची, नॉटिंगहॅमला बनलेली, तीन गिअरची. अण्णांच्या मामांनी विलायतेहून परतताना बोटीवर चढवून आणली होती. अण्णांनी चालवणं सोडल्यापासून तिच्यावर गाद्या, रिकाम्या कुंड्या आणि एका दिवाळीचा मोडका आकाशकंदील असा संसार साचला होता.

मागच्या चाकाचा हब, म्हणजे तारा जिथून निघतात तो मधला भाग, चिंधीने पुसला तर ‘स्टर्मी-आर्चर’, ‘एडब्ल्यू’ ही अक्षरं, आणि शेजारी ६२ व ९ हे आकडे निघाले. या हबवर बनल्याचं वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. म्हणजे सप्टेंबर १९६२. तुमच्या जुन्या सायकलीचं वय घरातल्या माणसांना विचारत बसू नका, आधी हब पुसा. आमच्याकडे ‘पानशेतच्या आधीची’ असं सगळे छातीठोक सांगत होते, आणि पानशेतचं धरण फुटलं ते तर १९६१ ला.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. सायकल दाखवायला हवी आहे की राबवायला? दाखवायची असेल तर रंग, निकेल, सोनेरी रेघा यांवर पैसे जातील आणि ते बरोबरच आहे. राबवायची असेल तर पैसे चाकं, ब्रेक आणि बेअरिंगचे छर्रे यांवर घाला आणि रंगाला हातही लावू नका. मी पहिल्या आठवड्यात पावडर कोटिंगवाल्याकडे भाव विचारून आले होते. अण्णा खुर्चीतून म्हणाले, “अगं, रंगाने गठ्ठे उचलले जातात का?” तो विषय तिथेच संपला.

फ्रेम सरळ आहे का

याला बाइंडिंगचा दोरा पुरतो. मागचं चाक काढा. चाकाचा आस ज्या खाचेत बसतो त्या उजव्या खाचेला दोऱ्याचं एक टोक बांधा, दोरा पुढे नेऊन हँडलच्या उभ्या नळीला वळसा घाला आणि ताणून डाव्या खाचेपर्यंत आणा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर पट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखं भरलं तर मागची बाजू सरळ. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. चार-पाच मिलिमीटर भरला तर ओझ्याखाली सायकल एका बाजूला ओढत राहील. ती आधी सरळ करून घ्या, किंवा तिला भिंतीवर टांगा.

मग खालच्या तिरप्या नळीवर, हँडलच्या सांध्याच्या लगेच मागे, खालून बोट फिरवा. तिथे बारीक फुगवटा किंवा रंगाला सुरकुती लागली तर ती सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. पुस्तकाच्या पाठीत हवा राहिली की जसं कळतं तसंच.

शेवटी फ्रेम उलटी करून लाकडी दांडक्याने नळ्यांवर हलके ठोके द्या. सीटच्या नळीतून थोडी गंजाची भुकटी पडणारच. आमच्या सायकलीतून भुकटीबरोबर एक झुरळही पडलं. पण कुठे आवाज बद्द आला आणि अंगठा दाबल्यावर पत्रा दबला, तर मोह आवरा. आणखी एक. या जुन्या फ्रेमच्या नळ्या खोबण्यांत बसवून पितळाने झाळलेल्या असतात. तिच्यावर साधं वेल्डिंग करायला कुणी पुढे आलं तर हात जोडा आणि निघा. पातळ नळी जळून भोक पडतं. कॅरियरसाठी फ्रेमला काहीही चिकटवायचं नाही, सगळं नट-बोल्टवर.

खोलताना

सीटची दांडी आणि हँडलची दांडी, दोन्ही गंजून बसलेल्या असतात. भेदक तेल फवारा, रात्रभर ठेवा, परत फवारा. हँडलचा वरचा बोल्ट तीन-चार फेरे सैल करून त्यावर लाकूड ठेवा आणि एक ठोका द्या. आतली पाचर खाली पडते आणि हँडल मोकळं होतं. बोल्ट पूर्ण काढून मग हँडल पिळत बसणारे लोक मी पाहिलेत. त्यांत पहिल्या दिवशी मीही होते.

निघालेला प्रत्येक भाग वेगळ्या पाकिटात घाला, वर नाव लिहा. छर्रे किती निघाले तो आकडाही लिहा. वायसर कुठल्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा, विशेषतः मागच्या चाकाचे. तीन गिअरच्या हबला दोन्ही बाजूंना कान असलेले वायसर असतात, त्यांचे कान खाचेत अडकतात आणि आसाला फिरू देत नाहीत. हे वायसर ‘जुने झाले’ म्हणून फेकले की गिअर कधीच जागेवर राहत नाहीत.

डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, हे बहुतेकांना माहीत असतं. खालच्या धुरीची (पायडलच्या दांड्या जिच्यावर फिरतात ती) उजवी कटोरी, म्हणजे छर्रे बसतात ती वाटी, हीही उलट्या आट्याची असते, हे मात्र पाना तोडल्यावर कळतं.

आता कॉटर पिना. जुन्या सायकलीवर माणसाची परीक्षा इथे होते. क्रँक (पायडलची दांडी) आसावर पक्का धरून ठेवणारी ही पाचरीसारखी पिन. मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. नट काढला आणि सायकल स्टँडवर असतानाच हातोडीने टोले मारत सुटले. पिनेचं टोक कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरलं, आटे गेले, आणि पिन जागची हलली नाही. प्रत्येक टोला आत छर्ऱ्यांना बसत होता तो वेगळाच. शेवटी ती ड्रिलने पोखरून काढावी लागली, त्यात एक दुपार गेली.

बरोबर पद्धत अशी. आदल्या दिवशी तेल सोडून ठेवा. नट पूर्ण काढू नका, पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा, म्हणजे आटे वाचतात. क्रँकखाली, पिनेच्या डोक्याभोवती बसेल असा जाड लोखंडी पाइपाचा तुकडा उभा करा, आणि पाइप थेट जमिनीवर किंवा लाकडाच्या ओंडक्यावर टेकवा. मारलेला जोर पाइपातून जमिनीत गेला पाहिजे, सायकलीत नाही. मग जड हातोडा घ्या आणि एकच, नेमका, मनापासून ठोका द्या. दहा हलके टोले पिन वाकवतात, एक जड टोला तिला बाहेर काढतो. वाइस असेल तर त्याहून चांगलं, पिन दाबून काढता येते, ठोकायची गरजच नाही.

नवी पिन ९.५ मिलिमीटरची. ती आणली आणि बसवली असं होत नाही. तिचा सपाट उतार कानशीने घासून आसाच्या खाचेला जुळवावा लागतो, आणि दोन्ही पिना सारख्याच घासाव्या लागतात. एक कमी, एक जास्त घासली की दोन पायडलं एका रेषेत येत नाहीत आणि चालवताना गुडघ्याला कळतं. बसवताना एक खूण लक्षात ठेवा. उजवा क्रँक खाली असताना त्याचा नट ज्या दिशेला तोंड करतो, डावा क्रँक खाली आणल्यावर त्याचाही नट त्याच दिशेला हवा. बसवल्यावर वीस-तीस किलोमीटर झाले की परत एक ठोका देऊन नट आवळा. हे विसरलात तर क्रँक आसावर खेळायला लागतो आणि नवी पिन महिन्याभरात खाऊन टाकतो.

छर्रे, कटोऱ्या आणि सव्वीस आटे

सगळं खोलून, धुऊन परत जोडण्याच्या या कामाला पेठेतल्या मेकॅनिकांच्या तोंडी ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग असावा, पण ओव्हरऑइलिंगच जास्त खरं वाटतं.

सगळ्या कटोऱ्या आणि कोन (कटोरीसमोर छर्ऱ्यांना टेकणारे निमुळते तुकडे) डिझेलने धुवा. रॉकेल आता कुठे मिळायला! कोरडं करून बॉलपेनचं टोक कटोरीतल्या वाटेवरून हळू फिरवा. टोक घसरत गेलं तर कटोरी ठीक, कुठे खाचेत अडखळलं तर तिथे खड्डा आहे. कटोऱ्या ठीक असल्या तरी छर्रे मात्र सगळे नवे घाला. पाव इंची छर्रे खालच्या धुरीत एका बाजूला अकरा, मागच्या साध्या हबला नऊ, आणि पुढच्या चाकाला तीन-सोळांश इंची दहा, असा सर्वसाधारण हिशोब. पण तुमच्या पाकिटावर लिहिलेला आकडाच खरा धरा. आधीच्या कुणी चुकीचे घातले असतील तर जागा किती रिकामी राहते त्यावरून कळतं, एका छर्ऱ्यापेक्षा थोडी कमी जागा उरायला हवी.

बदलायचीच वेळ आली तर नॉटिंगहॅमच्या रॅलेचा एक खास त्रास आहे. जगभरच्या इंग्लिश पद्धतीच्या धुरीला इंचाला २४ आटे असतात, रॅलेने आपल्या कारखान्यात २६ ठेवले. आपल्याकडची नवी कटोरी हाताला अगदी बरोबर वाटते, दीड फेरा सुरळीत जाते आणि अडकते. एका दुकानात माझ्यासमोर एकाने “कचरा असेल आत” म्हणत मोठा पाना लावला. मी ओरडले म्हणून थांबला. अजून अर्धा फेरा गेला असता तर फ्रेममधले आटे कापले गेले असते आणि साठ वर्षांची फ्रेम भंगारात. तेव्हा जुनी कटोरी पट्टीशी धरून एका इंचात किती आटे आहेत ते मोजा, मगच खरेदीला निघा. आमच्या कटोऱ्या सुदैवाने चांगल्या होत्या, धुऊन त्याच परत घातल्या.

सुटे भाग नाना पेठेत शोधा. तिथे एका बोळात चाचांचं दुकान आहे, जागा एवढी की गिऱ्हाईक रस्त्यावर आणि चाचा पायरीवर. नाही मिळालं तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जा. तिथे भाग ‘कुठला आहे’ हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून जुना भाग खिशात घेऊन जायचं आणि शेजारी धरून बघायचं. सगळं जोडताना कुठली केबल कुठून जाते हा गोंधळ झाला, तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्स हे संग्रहालय आहे. तिथल्या जुन्या सायकलींसमोर अर्धा तास उभं राहिलं की पुष्कळ उलगडतं.

गंजाचं थोडक्यात. नट, बोल्ट, मडगार्डचे गज असल्या लहान लोखंडी वस्तू लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर बुडवा, लिटरला पाच-सहा चमचे. सकाळी ब्रशने घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच पुसून तेल लावा. लगेच म्हणजे लगेच. चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत नारिंगी झालेलं असतं. चकाकणाऱ्या हँडलवरचे गंजाचे ठिपके अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासले की जातात. रंगाला साबणपाणी आणि गाडीचं पॉलिश, बस.

मागचं चाक

ओझं घ्यायचं तर सायकलीचं सगळं नशीब मागच्या चाकात. माझ्या मागच्या चाकात जुन्या इंग्लिश रिवाजाप्रमाणे चाळीस तारा आहेत, पुढच्यात तेव्हा बत्तीस होत्या. चाळीस तारांचं चाक ओझ्याला उत्तम, पण तारा साठ वर्षांच्या. मी पैसे वाचवायला त्याच ठेवल्या आणि पहिल्याच महिन्यात बाजीराव रस्त्यावर एका गतिरोधकावर ‘टण्ण’ झालं. एक तार गेली. आठवड्यात दुसरी. एक गेली की तिचं ओझं शेजारणींवर पडतं आणि मग रांगच लागते. तेव्हा सगळ्या तारा आणि निपल एकदम नव्या घाला, दोन मिलिमीटरच्या, म्हणजे चौदा नंबर.

चाक बांधणं शिकता येतं, पण पहिलं चाक चाचांकडून बांधून घ्या आणि शेजारी बसून बघा. आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, मात्र घरी काढता येतो. सायकल उलटी करा, ब्रेकच्या रबराशेजारी एक पेन्सिल बांधून रिमच्या जवळ आणा आणि चाक हळू फिरवा. रिम डावीकडे घासली तर तिथल्या उजव्या तारा पाव फेरा आवळा, गरज पडली तर डाव्या पाव फेरा सोडा. पाव फेऱ्याच्या वर जायचं नाही. चाचा म्हणाले, “ताई, जल्दी केलीत की चाकाचा पापड होतो.”

आउट निघाला म्हणजे चाक झालं असं नाही. प्रत्येक तार नखाने छेडा. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर जवळपास सारखा यायला हवा. एखादी बद्द वाजली तर ती नुसती बसून आहे, काम करत नाही. मग शेजारच्या दोन-दोन तारा मुठीत धरून जोरात दाबा, चाकभर. कुरकुर आवाज येतील, तारा आपापल्या जागी बसतील. आता परत आउट बघा. हा दाबायचा भाग बरेच जण गाळतात आणि पहिल्या गठ्ठ्याबरोबर चाक वाकडं होतं.

टायरच्या मापात फसू नका. माझ्या सायकलीला २६ गुणिले १⅜. बायकांच्या सायकलींना हेच माप सर्रास असतं, त्यामुळे कुठल्याही दुकानात मिळतं. पण २६ गुणिले १.७५ हे वेगळंच माप आहे, दोन्ही ‘सव्वीस’ असले तरी एकाचं टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरच्या बाजूवर ३७-५९० असा आकडा शोधा. ५९० जुळलं की झालं.

पावसातले ब्रेक

चकाकणारी पोलादी रिम ओली झाली की रबर तिच्यावर घसरतं. ब्रेक दाबता आणि काही होतच नाही, दोन-चार फेरे पाणी पुसलं गेलं की मग थोडा लागतो. रिकाम्या सायकलीवर हे निभावतं. वीस किलो मागे असताना जुलैच्या भुरभुरीत मी लक्ष्मी रस्त्यावर एका थांबलेल्या रिक्षाच्या मागे हळूच जाऊन टेकले. रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं, फॉर्मचे गठ्ठे बघितले, आणि “लग्नपत्रिका का?” म्हणून विचारलं. नशीब.

त्याच आठवड्यात पुढच्या चाकाला अॅल्युमिनियमची रिम घातली, मूळच्याच मापाची, म्हणजे ब्रेकची लांबी बदलावी लागली नाही. जुन्या हबला बत्तीस भोकं, हवी तशी रिम मिळाली छत्तीसची, म्हणून हबही नवा घेतला. रिम आणायच्या आधी हबची भोकं मोजा, हे त्यातून शिकले. जुनं पुढचं चाक माळ्यावर आहे, अण्णांना दिसेल असं. मागे पोलादी रिमच ठेवली. फरक जमीन-अस्मानाचा आहे.

केबल आतली-बाहेरची दोन्ही नवी, आत थोडं ग्रीस. रबरं बसवताना त्यांचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल असं थोडं तिरपं ठेवा, नाहीतर ब्रेक किंचाळतो. मी मागच्या टोकाखाली एक मिलिमीटरचा पुठ्ठा धरते, नट आवळते, पुठ्ठा काढून घेते. पुठ्ठा आमच्याकडे कमी नाही.

गिअर

स्टर्मी-आर्चरच्या या हबमध्ये दुसरा गिअर सरळ असतो, पहिला त्याच्यापेक्षा पंचवीस टक्के हलका, तिसरा तेहतीस टक्के जड. मूळ सायकल एकट्या माणसासाठी, इंग्लंडातल्या रस्त्यांसाठी. पुढे ४६ दाते, मागे १८. स्वारगेटहून सातारा रस्त्याने कात्रजकडे गठ्ठे घेऊन जाऊन बघा. रस्ता सपाट दिसतो, पण चढत असतो, मांड्यांना विचारा. उपाय स्वस्त आहे. मागचं दातेरी चाक एका गोल कडीने अडकवलेलं असतं. पेचकसाने कडी उचकटा, १८ चं काढा, २२ चं घाला. चेन दोन कड्यांनी, म्हणजे एक इंचाने, वाढवावी लागते. आता माझा पहिला गिअर इतका हलका आहे की सहकारनगरच्या चढावर भाजीवाली मला चालत मागे टाकते, पण मी उतरत नाही.

हब उघडायची घाई करू नका. आमच्या हबमध्ये कधीकाळी कुणीतरी खोबरेल सोडलं होतं, त्याचा आत डिंक झाला होता. तेलाच्या भोकातून डिझेल सोडलं, चाक फिरवलं, आडवं करून निथळू दिलं, असं चार-पाच वेळा. मग पातळ मशीन ऑइल चमचाभर. हब जिवंत झाला, टिक-टिक ऐकू यायला लागली. आता महिन्याला थोडं तेल, आणि खाण्याचं कुठलंही तेल नाही.

गिअर जुळवताना खटका दुसऱ्यावर ठेवा आणि उजव्या नटाच्या भोकातून बघा. आतल्या बारीक साखळीच्या दांडीचा खांदा आसाच्या टोकाशी बरोबर समपातळीत दिसला पाहिजे. हे प्रत्येक वेळी चाक काढल्यावर करा. कारण दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये या हबमध्ये एक मोकळी जागा आहे, तिथे पायडल नुसतं फिरतं. उभं राहून जोर देताना ते झालं की तोंडावर पडाल. ओझं असताना तर बसूनच चालवा.

कॅरियर, पडशी, स्टँड

तयार कॅरियर टिफिनला ठीक. कागदाचं वजन लोकांना कळत नाही. ए-४ चं ८० जीएसएमचं एक रीम, म्हणजे पाचशे कागद, अडीच किलो भरतं, दहा रीम म्हणजे पंचवीस किलो. मी माझी मर्यादा पंचवीस ठेवली आहे आणि अण्णांच्या “आम्ही चाळीस न्यायचो” या वाक्याकडे दुर्लक्ष करते.

कॅरियर फॅब्रिकेटरकडून बारा मिलिमीटरच्या पाइपाचं करून घेतलं. सांगताना तीन गोष्टी सांगा. खालचे पाय आसापाशी जवळपास सरळ उभे उतरले पाहिजेत, म्हणजे वजन आसावर जाईल. दोन्ही पायांना मागे तिरपा आधार हवा, नाहीतर सायकल चालताना गठ्ठे शेपटीसारखे डुलतात. आणि कॅरियर जितकं खाली, मडगार्डला जेमतेम न लागेल इतकं, तितकं बरं. माझ्या फ्रेमला मडगार्डपुरती बारीक भोकं होती, त्यांवर ओझं टाकायची छाती झाली नाही. म्हणून पाय थेट आसावर, कानाच्या वायसरच्या बाहेर. मग नटाला पुरेसे आटे उरतात का ते बघा. आसाचं टोक नटात पूर्ण भरलेलं हवं.

गठ्ठे वर रचण्यापेक्षा दोन्ही बाजूंना खाली लटकवलेले बरे. दूधवाले उगाच कॅन तसे अडकवत नाहीत. ताडपत्रीवाल्याकडून मी एक पडशी शिवून घेतली, खांद्यावरच्या पडशीसारखीच, फक्त मोठी. आत ताठपणासाठी जाड पुठ्ठा घातला. बाइंडरची अक्कल! पहिल्या पावसात त्याची लापशी झाली. आता प्लास्टिकची नळीदार शीट आहे. थैली किती मागे बांधायची ते पायाने ठरवा. पायडल मागे आलं असताना टाच आणि थैली यांच्यात दोन बोटं जागा हवी. पण त्याहून मागे सरकवू नका, वजन आसाच्या मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं. खाली एक रबरी हूक लावून थैली पायाला अडकवा, म्हणजे गतिरोधकावर उसळत नाही. बांधायच्या पट्ट्यांची लोंबती टोकं खोचा किंवा कापा. एक टोक तारांत गेलं की काय होतं ते मी एकदा बघितलं आहे, मडगार्ड अजून चेपलेलं आहे.

स्टँड डबलच हवा, मागच्या आसावर बसणारा. एका पायाचा स्टँड ओझ्याखाली डांबरात रुततो आणि सायकल आडवी. भरताना पुढचं चाक गरकन वळतं, त्याला जुन्या ट्यूबची एक रिंग कापून, पुढचा ब्रेक दाबून, त्याच्या दांडीवर आणि मुठीवर मिळून चढवा. पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. दोन्ही बाजू आलटून पालटून भरा.

पहिली फेरी कागदावर करू नका. दोन्हीकडे पाच-पाच किलो तांदूळ घाला आणि सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना, नदीपात्राच्या रस्त्यावर जा. हळू चालवताना हँडल थरथरतं का, एक हात सोडला तर डोलतं का, ब्रेक किती आधी दाबावा लागतो, हे बघा. थरथरलं तर आधी हँडलच्या कटोऱ्या आणि कॅरियरचे नट तपासा, मग वजन पुढे सरकवा. चढवत चढवत पंचवीसवर या.

शंभर किलोमीटर झाले की एकदा सगळं परत: कॉटरचे नट, तारा छेडून, कॅरियरचे चारही बोल्ट, मागच्या आसाचे नट. नंतर महिन्यातून एकदा.

हवा रोज. मागच्या टायरमध्ये कमी हवा असली की ओझ्याखाली ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या काठात चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या जवळ ठेवा. अण्णा अजूनही सकाळी बाहेर येऊन अंगठ्याने मागचं टायर दाबतात आणि “भरपूर आहे” म्हणतात. मी मान हलवते, आणि ते पेपर घेऊन आत गेले की काट्याचा पंप लावते. दर वेळी दहा-पंधरा पीएसआय कमीच निघते.